एकट्या उरलेल्या शेवंतीसाठी जोडीदार: इंदुरातले बारा आठवडे

आमचा ससा भुऱ्या सप्टेंबरच्या शेवटी गेला. वय सात वर्षं. दाढांची मुळं जबड्यात वाढत गेली होती, दोन महिने उपचार चालू होते. मागे राहिली शेवंती: सव्वापाच वर्षांची, नसबंदीचं ऑपरेशन झालेली मादी, वजन १ किलो ८४० ग्रॅम, साडेचार वर्षं भुऱ्याच्या अंगाला अंग लावून झोपलेली. नवा जोडीदार मिळून दोघं एकाच ढिगातलं गवत खायला लागेपर्यंत बारा आठवडे गेले. सशांची जोडी लावताना बहुतेक घरांत होणारी चूक घाईची असते, म्हणून वेळेचा हिशेब धरूनच लिहितो आहोत.

भुऱ्याला आम्ही लगेच उचललं नाही. दोघं दुपारी बसायचे त्या कोटा फरशीवर जुनं धोतर अंथरून त्याला ठेवलं आणि शेवंतीला तिथेच मोकळं सोडलं. तिने नाक हुंगलं, कानाचं टोक चाटलं, मग पुढच्या पायांनी त्याच्या कुशीत दोनदा खणल्यासारखं केलं. तो हलला नाही. ती मागे सरकली, मागचा पाय एकदा जमिनीवर आपटला आणि पाठ करून बसली. दीड तासाने ती उठून गवताकडे गेली तेव्हा आम्ही त्याला हलवलं. जोडीदार नुसता नाहीसा झाला की उरलेला ससा त्याला कोपऱ्याकोपऱ्यात शोधत राहतो. शव हुंगू दिलं तर तो शोध लवकर थांबतो, असाच आमचा अनुभव आहे. मृत्यू संसर्गाने झाला असेल किंवा कारणच कळलं नसेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं.

त्यानंतरचे तीन-चार दिवस सगळं लक्ष पोटावर. दुःखाने, भीतीने किंवा दुखण्याने ससा खायचा थांबला की त्याचं आतडं मंदावतं, आत वायू धरतो, पोट दुखतं म्हणून तो आणखी खात नाही आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. बारा तासांत काही खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत तर रात्र असली तरी डॉक्टर गाठायचा, सकाळची वाट पाहायची नाही. आम्ही रोज सकाळी सात वाजता ट्रेमधल्या लेंड्या बघायचो. नेहमी वाटाण्याएवढ्या, गोल, भुशासारख्या फुटणाऱ्या असतात. तिसऱ्या दिवशी त्या मिऱ्याएवढ्या, गडद आणि कमी झाल्या. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टोपली ठेवून रोज वजन घेतलं. चौथ्या दिवशी १ किलो ७६० ग्रॅम भरलं, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त घट. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पोट चाचपून आतडं चालू असल्याची खात्री केली आणि पेलेट्स (सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून, गाळून, सिरिंजने भरवायला सांगितलं. एका वेळी १५ मिली, दिवसातून चारदा. सिरिंज गालाच्या बाजूने, दातांमागच्या मोकळ्या जागेत घालायची आणि अर्धा-अर्धा मिली सोडायचं, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. पोट फुगून ढोलासारखं ताठ झालं असेल तर डॉक्टरांनी बघेपर्यंत काहीही भरवायचं नाही, तिथे अडथळा असू शकतो.

खाणं नेहमीचंच ठेवलं: भरपूर वाळलेलं गवत, दूर्वा, कोथिंबीर, थोडा मुळ्याचा पाला. पालेभाजी धुऊन ओलीच दिली, म्हणजे पाणी पोटात जातं. दुःखी आहे म्हणून गाजर, केळं, बिस्किट आणि आपल्या इंदुरात तर शेव-पोह्यातले पोहेसुद्धा लोक प्रेमाने पुढे करतात. साखर आणि पीठ याने आतड्यातले जंतू बिघडतात आणि जे टाळायचं तेच ओढवतं. तिच्या बसायच्या जागेजवळ जमिनीलगत एक आरसा उभा केला. आरसा म्हणजे सोबत नव्हे, पण पहिले काही दिवस शेवंती त्याला टेकून झोपली. नवव्या दिवशी वजन १ किलो ८१० ग्रॅमवर परत आलं.

नवा ससा कधी आणायचा? आमचं मत स्पष्ट आहे: उरलेला ससा नीट खातो, वजन टिकवतो, हे काही दिवस सलग दिसल्याशिवाय नाही. आजारी किंवा फार म्हातारा ससा असेल तर नवी ओळख त्याला झेपत नाही, त्याला माणसांनी जास्त वेळ द्यावा हेच बरं. पण धडधाकट सशाला आपण पुरे पडत नाही. ससे पहाटे आणि संध्याकाळी जागे, दुपारी सुस्त, त्यांची सोबत म्हणजे दिवसभर एकमेकांच्या टप्प्यात असणं. डोळ्यांभोवतीची, कानामागची जागा जोडीदार चाटून साफ ठेवतो, ते काम कुठल्याही ब्रशने होत नाही.

सोबतीला गिनीपिग आणायचा सल्ला कुणी ना कुणी देतोच. तो ऐकू नका. सशाच्या घशात निरुपद्रवी राहणारा बोर्डेटेला नावाचा जंतू गिनीपिगला न्यूमोनिया करतो, सशाची एक लाथ त्याची हाडं मोडू शकते, शिवाय गिनीपिगला आहारातून क जीवनसत्त्व लागतं, सशाला लागत नाही. शेतात सापडलेलं सशाचं पिल्लूही नको. आपल्याकडचा रानससा ही वेगळीच जात आहे, तो पाळीव सशाशी जुळत नाही, आणि त्याला पकडणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे.

कसा जोडीदार हवा हे शोध सुरू करण्याआधी लिहून काढलं. ऑपरेशन झालेली मादी असेल तर ऑपरेशन झालेला किंवा होऊ शकणारा नर, ही जोडी सगळ्यात सहज बसते. दोन नर किंवा दोन माद्या जमतात, पण मेहनत दुप्पट. ऑपरेशन दोघांचंही हवं. मादीचं न केल्यास वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो, आणि नुसते हार्मोन्स चालू असले तरी ती जागेवरून भांडते. वय दीड-दोन वर्षांच्या पुढचं. वजनात फरक चालतो, स्वभाव पाहायचा. शेवंती हुकूम चालवणारी, तेव्हा नर शांत हवा.

बाजारातलं महिन्याचं पिल्लू आम्ही विचारातच घेतलं नाही, आणि याबद्दल आम्हाला फार वाटतं. पिल्लू मोठ्या सशाजवळ लगेच जाऊन बसतं, लोक म्हणतात जमली जोडी. साडेतीन-चार महिन्यांचं झालं की अंगात हार्मोन्स येतात आणि एका रात्रीत रक्त निघतं. इतक्या लहान वयात नर-मादी ओळखण्यात विकणाऱ्यांची हमखास चूक होते. ओळखायचं असेल तर सशाला मांडीवर पाठीने टेकवून शेपटीपुढची त्वचा दोन बोटांनी हळूच मागे दाबायची: मादीत फट दिसते, नरात गोल तोंडाची छोटी नळी. बारा आठवड्यांनंतर नराचे वृषण खाली उतरतात, तेव्हा शंका राहत नाही.

ओळखीतून तीन ठिकाणं कळली. पहिल्या घरी पांढरा नर होता, नाकाच्या कडांवर आणि कानांच्या काठाला राखाडी खपल्या. ही खरूज, खूप पसरणारी. त्यांना डॉक्टरांकडे जायला सांगितलं, आणि घरी येऊन शेवंतीजवळ जाण्याआधी आम्ही कपडे बदलले, हात साबणाने धुतले. दुसऱ्या ठिकाणी दोन ससे एकमेकांना बिलगून बसलेले होते आणि घरचे त्यातला एक द्यायला तयार होते. तो आणला असता तर तिकडे दुसरी शेवंती तयार झाली असती.

तिसरा ससा सुदामा नगरातल्या एका घरी होता. ते कुटुंब शहर सोडून चाललं होतं. अडीच वर्षांचा, करडा, नाव ढब्या, वजन २ किलो १०० ग्रॅम, ऑपरेशन न झालेला, पोळी आणि भिजवलेल्या हरभऱ्यावर वाढलेला. हातात घेऊन तपासलं ते असं: पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकट आहेत का (सर्दी झालेला ससा तिथेच नाक पुसतो), कानात तपकिरी खपल्या आहेत का, शेपटीखाली लेंड्या चिकटल्यात का, वरचे पुढचे दात खालच्यांच्या पुढे येतात का, गालांच्या हाडावर आणि जबड्याखाली गाठ लागते का, टाचांचे केस झिजून कातडी लाल झाली आहे का. ढब्याची नखं वाढलेली आणि टाचा थोड्या उघड्या होत्या, बाकी ठीक. एक गोष्ट नव्या माणसांसाठी: लाल डोळ्यांचे पांढरे ससे बघताना डोकं डावी-उजवीकडे डुलवतात. त्यांची नजर कमजोर असते, तो आजार नाही. डोकं एका बाजूला कललेलंच राहत असेल तर तो आजार.

ढब्या दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी घरी आला आणि तीन आठवडे वेगळ्या खोलीत राहिला. वेगळी भांडी, वेगळा झाडू, आधी शेवंतीचं काम करायचं मग ढब्याचं, उलट कधीच नाही. पहिल्या पाच दिवसांत पोळी बंद करून गवतावर आणला. एकदम बंद केली नाही, रोज चौथा हिस्सा कमी केला. लेंड्यांची तपासणी करून घेतली, कारण पिंजऱ्यात वाढलेल्या सशांत कॉक्सिडिया हा आतड्यातला परजीवी सर्रास असतो. त्याच दिवसांत दिवाळी आली. फटाके चालू असताना त्याच्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि दोन्ही बाजूंनी उघडं असलेलं खोकं दिलं.

ऑपरेशन दिवाळीनंतर, चौथ्या आठवड्याच्या शेवटी. इंदूरहून महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय पंचवीसेक किलोमीटरवर, आणि शहरातही आता ससे बघणारे डॉक्टर आहेत. कुठेही जा, आधी विचारा: ऑपरेशनआधी सशाला उपाशी ठेवायला सांगता का? 'हो, रात्रीपासून' असं उत्तर आलं तर तिथे नको. ससा उलटी करू शकत नाही, त्यामुळे कुत्र्या-मांजरांसारखं उपाशी ठेवायचं कारणच नाही, उलट रिकामं आतडं थांबतं. दुसरा प्रश्न, वेदनेचं औषध घरी किती दिवस देणार. तिसरा, भुलीत असताना अंग गरम कसं ठेवता. शिवाय दोन नावं स्वतः लक्षात ठेवा: तोंडाने दिलेलं अमॉक्सिसिलिन सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मारून जीव घेऊ शकतं, आणि कुत्र्या-मांजरांच्या मानेवर गोचिडांसाठी टाकतात ते फिप्रोनिल सशाला विषारी आहे.

ढब्याने ऑपरेशननंतर चौथ्या तासाला कोथिंबीर खाल्ली. पण काम इथे संपत नाही. नराच्या अंगातले हार्मोन्स ओसरायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस तो पिल्लंही देऊ शकतो. मादीचं ऑपरेशन झालेलं नसेल तर या काळात एकदाही एकत्र सोडायचं नाही. गर्भ ३१ दिवसांचा आणि पिल्लं झाल्या दिवशीच मादी पुन्हा गाभण राहू शकते. एकत्र सोडायला आम्ही ऑपरेशननंतर पूर्ण सहा आठवडे थांबलो.

तोवर, भुऱ्या गेल्यानंतरच्या सहाव्या आठवड्यापासून, दोघांची शेजार-वस्ती सुरू झाली. एका खोलीत दोन कुंपणं, एक इंची वेल्डेड जाळीची, ७५ सेंटिमीटर उंच, प्रत्येकाला सव्वा मीटर बाय दीड मीटर जागा. पहिले दोन आठवडे खोलीच्या दोन टोकांना, मग जवळ. इथे आमची एक चूक झाली. जवळ आणताना दोन जाळ्यांत जेमतेम दोन सेंटिमीटर अंतर ठेवलं. दुसऱ्याच संध्याकाळी ढब्याने जाळीत नाक घातलं, शेवंतीने चावलं आणि त्याच्या ओठाच्या कडेला डाळीएवढी जखम झाली. मिठाच्या पाण्याने पुसली, आठवड्यात भरली. नंतर अंतर आठ सेंटिमीटर केलं. सशाचं नाक त्याहून पुढे येत नाही, वास मात्र सगळा पोचतो.

वास हेच या टप्प्याचं काम. रोज संध्याकाळी दोघांचे ट्रे अदलाबदल, खाली अंथरायच्या चादरीही तशाच. चार दिवसांनी सशांनाच एकमेकांच्या कुंपणात हलवायला सुरुवात केली, एक दिवसाआड. पहिल्यांदा शेवंतीने ढब्याच्या जागेत जागोजागी लेंड्या टाकल्या आणि हनुवटी प्रत्येक वस्तूवर घासली. हनुवटीखालच्या ग्रंथींचा वास लावून ससा 'हे माझं' म्हणतो. दहा-बारा दिवसांनी लेंड्या फक्त ट्रेमध्ये पडू लागल्या. खाणं दोघांना एकाच वेळी, जाळीच्या दोन्ही अंगांना समोरासमोर. आधी शेवंती पाठ करून खायची. एका सकाळी ती जाळीला लांबीने कूस लावून पसरली आणि पलीकडे ढब्या तसाच, मध्ये फक्त ते आठ सेंटिमीटर. हे तीन दिवस सलग दिसलं आणि मगच पुढचा टप्पा ठरवला.

एकत्र सोडण्याची जागा दोघांनाही अनोळखी हवी. बाथरूमचा सल्ला सगळे देतात, पण गुळगुळीत फरशीवर सशाचे पाय घसरतात आणि घसरणारा ससा घाबरतो. आम्ही वरच्या मजल्यावरची रिकामी खोली घेतली, खाली जाड सतरंजी, त्यावर कुंपणाने दोन मीटर बाय दीड मीटरचा चौकोन. मध्ये गवताचे दोन मोठे ढीग, दोन ट्रे, दोन पाण्याची भांडी. एका तोंडाचं खोकं, बोगदा, घर काहीही नाही. हाताशी जाड चामडी हातमोजे, सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानात वेल्डिंगचे मिळतात ते, आणि एक मोठा पुठ्ठा. भांडण लागलं तर मध्ये पुठ्ठा घालायचा, उघडा हात कधीच नाही. रागातला ससा बोटाचं मांस काढतो.

दोघांना गाडीत किंवा वॉशिंग मशीनवर हलवून, घाबरवून जवळ बसवायची एक पद्धत चालते. ती आम्ही करत नाही. भीतीने गोठलेले दोन ससे एकमेकांना चिकटतात, ती मैत्री नाही, आणि भीती हेच आतडं थांबण्याचं कारण.

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं. ढब्या आला आणि थेट शेवंतीवर चढला. मागून चढणं, थोडा पाठलाग, फराचे दोन-चार पुंजके उडणं हे सगळं वरचढ कोण हे ठरवण्याचं काम आहे, ते होऊ द्यायचं. दर वेळी मध्ये पडलात तर तो प्रश्न सुटतच नाही. तोंडाकडून, उलटा चढला तर मात्र लगेच ढकलून खाली उतरवायचं, कारण खालची मादी पोटाखाली चावू शकते आणि ती जखम फार वाईट असते. कान मागे चपटे, शेपटी ताठ वर, अंग ताणलेलं, ही हल्ल्याची तयारी. आणि शेपट्या वर करून दोघं एकमेकांच्या मागे गोल फिरू लागले तर दुसऱ्या क्षणाला दोघांचा एक गोळा होतो. फिरणं दिसताच पुठ्ठा मध्ये गेला पाहिजे. सत्र नेहमी शांत क्षणी संपवायचं, भांडणावर कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊण तास, तिसऱ्या दिवशी दोन तास. सगळ्यात चांगलं लक्षण कुठलं विचाराल तर दुर्लक्ष. एक गवत खातोय, दुसरा अंग साफ करतोय, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. तिसऱ्या दिवशी शेवंतीने डोकं जमिनीला टेकवून ढब्याच्या नाकाखाली सरकवलं. माणसाला वाटतं ती शरण आली. खरं तर वरचढ ससाच असं डोकं पुढे करून 'चाट' म्हणतो. ढब्याला ते कळलं नाही, तोही डोकं टेकवून बसला. दोघं चार-पाच मिनिटं कपाळाला कपाळ लावून तसेच, मग तिने नाक फुरफुरवून त्याच्या खांद्याला हलकं चावून आठवण दिली.

चौथ्या दिवशी बिघडलं. डिसेंबरातले लग्नाचे दिवस, घरासमोरून बँड आणि मोठ्या आवाजाची गाडी घेऊन वरात गेली. दोघंही दचकले, आणि दचकलेला ससा जवळ जो असेल त्याच्यावर उलटतो. त्यात एक चूक आमची: आदल्या दिवशी सगळं छान गेलं म्हणून एका तोंडाचं खोकं ठेवलं होतं. शेवंती आत, ढब्या दारात, तिला निघायला वाट नाही. दोनच सेकंद, पण दोघांचे केस उडाले. पुठ्ठा घालून वेगळं केलं. नंतर उजेडात बसून दोघांचं अंग बोटांनी केस विंचरत तपासलं, विशेषतः पाठ, कंबर, कानांची मुळं, पोटाखाली. दात टोचल्याची जखम वरून लगेच मिटते आणि आत पू साठतो. सशाचा पू दह्याच्या चक्क्यासारखा घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही, गाठ एक-दोन आठवड्यांनी हाताला लागते. ढब्याच्या कमरेवर एक टोचणी मिळाली, डॉक्टरांना दाखवली, पुढचे पंधरा दिवस रोज ती जागा चाचपली. गाठ आली नाही.

तीन दिवस परत जाळीच्या दोन बाजूंना, अदलाबदल चालूच. आठव्या दिवशी पुन्हा सत्र, वीस मिनिटांपासून. खोकं काढलं, रस्त्याकडची खिडकी बंद. नवव्या दिवशी दीड तास, दहाव्या दिवशी पाच तास. त्या दुपारी शेवंतीने पुन्हा डोकं पुढे केलं आणि ढब्याने तिच्या पापणीवर जीभ फिरवली. आधी एकदा, मग दोन्ही डोळे, कपाळ, कानाच्या आतली कड. तिने दात हलके कुरकुरवले, अंगात बरं वाटलं की ससा करतो तसे. पाच मिनिटांनी तो थांबला, तिने एक पाऊल पुढे येऊन त्याचा कान दोनदा चाटला.

अकराव्या दिवसापासून रात्रीही एकत्र ठेवलं, पहिली रात्र खोलीत माणूस झोपवून. आमची कसोटी अशी: सलग ४८ तास पाठलाग नाही, केस उडणं नाही, दोघं एकाच ट्रेमध्ये जातात, एकाच ढिगातून खातात. तेवढं होईपर्यंत खालच्या जागी आणायचं नाही.

खालची जागा तोवर धुऊन काढली होती. लघवीचे पांढरे डाग कॅल्शियमचे, त्यावर पांढरं व्हिनेगर अर्धा तास ठेवून घासलं. ते पाण्याने पूर्ण धुऊन वाळल्यावर दुसऱ्या दिवशी एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात, दहा मिनिटं, पुन्हा धुणं, मग उन्हं. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र नाही, विषारी वायू निघतो. लाकडी फळी फेकून दिली, कारण लाकडात वास मुरतो. ट्रे, खोकी, गवताची जागा, सगळ्याची मांडणी बदलली, म्हणजे शेवंतीला ती जुनी हद्द वाटू नये. तरीही खाली आल्यावर पहिल्या संध्याकाळी तिने ढब्याला दोन फेऱ्या पळवलं. जागा कुंपणाने अर्धी करून दिली, दुसऱ्या दिवशी पाऊण, चौथ्या दिवशी पूर्ण, तीन मीटर बाय दोन मीटर. एकदम मोठी जागा दिली की पाठलागही मोठा होतो.

हे सगळं करायचं तर आपल्याकडे शक्यतो ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. इंदुरात एप्रिलपासून पारा चाळिशीकडे जातो, आणि सशाला २७-२८ अंशांच्या पुढेच त्रास सुरू होतो. घाम येत नाही, अंगातली उष्णता कानांतून बाहेर पडते. अशा दिवसांत पाठलाग आणि ताण म्हणजे उष्माघात. उन्हाळ्यात जोडीदार गेला तर वेगळ्या कुंपणात शेजारी ठेवा, पण एकत्र सोडणं पाऊस सुरू होऊन हवा गार होईपर्यंत थांबवा.

ढब्याची टाचांची कातडी आता केसांनी भरली आहे. शेवंतीचं वजन १ किलो ८७० ग्रॅम. नखं कापायला, दात दाखवायला, एकाचं काम असलं तरी दोघं एकाच कॅरियरमधून जातात, ६० सेंटिमीटर लांबीच्या, खाली जुना टॉवेल. एकटा गेलेला ससा दवाखान्याचा वास घेऊन परततो आणि घरचा त्याला ओळखत नाही. एकाला रात्रभर ठेवावं लागलंच तर दुसऱ्याला शेजारच्या पिंजऱ्यात ठेवायची परवानगी आधीच मागून घेतो.